वाचक विचारतात : कुठलं तेल, किती आणि किती वेळा?

दिवाळीचा फराळ तोंडावर आहे, म्हणून या खेपेला तेला-तुपाचे प्रश्न घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

आम्ही घरात चौघं. महिन्याला 5 लिटरचा कॅन संपतो. हृदयाला सगळ्यांत चांगलं तेल कोणतं, तेवढंच सांगा. (पुणे)

तेलाचं नाव नंतर, आधी तुमच्या कॅनचा हिशेब. 1 लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम. 5 लिटर म्हणजे 4,550 ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या प्रौढाला वरून घेतलेलं तेल-तूप दिवसाला 20 ते 30 ग्रॅमच्या आत पुरतं. 25 धरले तर चौघांना महिन्याला 3 किलो, म्हणजे 3.3 लिटर. यात तूप आणि लोणीही आलं. शनिवारचा बाहेरचा वडापाव आणि ऑफिसातला समोसा तुमच्या कॅनमध्ये दिसतच नाही, तो वेगळा.

चरबी कुठलीही असो, 1 ग्रॅममागे 9 कॅलरी. करडई असो, ऑलिव्ह असो की गाईचं तूप, यात सवलत नाही. माणशी रोज 13 ग्रॅम जास्त म्हणजे 117 कॅलरी, जवळजवळ एक तेल लावलेली पोळी, रोज, न खाता खाल्लेली. त्यामुळे याच खपात नुसतं महागडं तेल आणलंत तर वजनाच्या काट्याला काही फरक कळणार नाही.

करायचं असं. चहाचा मापाचा चमचा 5 मिलिलिटरचा असतो, त्यात साडेचार ग्रॅम तेल बसतं, म्हणजे 40 कॅलरी. त्या चमच्याने पाणी घालत एकदा तुमची फोडणीची पळी मोजा. डोळ्यांचा अंदाज जवळपास नेहमी कमीच निघतो. मग महिन्याच्या 1 तारखेला तुमच्या वाट्याचं तेल वेगळं काढा, त्यावर तारीख चिकटवा आणि ते 20 तारखेला संपलं तर कशात गेलं ते आठवा. पिशवी विकत घेताना लिटर नव्हे, वजन वाचा. हल्ली 1 लिटरच्या पिशवीसारख्याच दिसणाऱ्या 850 आणि 800 ग्रॅमच्या पिशव्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

मराठी स्वयंपाकात आणखी एक गळती आहे, दाण्याचं कूट. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेलच असतं. भाजीत दोन मोठे चमचे कूट म्हणजे सुमारे 7 ग्रॅम चरबी. ती वाईट नाही, उलट चांगल्या जातीची आहे. पण कूट घातलेल्या भाजीची फोडणी एका चमच्यात भागायला हवी.

आता नाव. शेंगदाणा तेलात संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड, म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारी) 18-20 टक्के, एकेरी असंपृक्त (मोनोअनसॅच्युरेटेड) जवळपास निम्मी, बाकीची बहुअसंपृक्त (पॉलिअनसॅच्युरेटेड). राइस ब्रानचं गणित साधारण तसंच. तिळाच्या तेलात संपृक्त थोडी कमी, 15 टक्के. सोयाबीनमध्येही 15 टक्के, पण त्यात 7 टक्के ओमेगा-3 (बहुअसंपृक्त चरबीचाच एक प्रकार, ओमेगा-6 हा दुसरा) आहे. मोहरीत ते 10 टक्क्यांच्या आसपास. सूर्यफूल आणि करडईत संपृक्त फक्त 10-11 टक्के, पण बाकीचं बहुतेक ओमेगा-6. पामतेलात निम्मी चरबी संपृक्त, तुपात 60 टक्क्यांच्या वर, खोबरेल तेलात 90. म्हणून पहिल्या गटातलं एक तेल (शेंगदाणा, राइस ब्रान किंवा तीळ) आणि ओमेगा-3 देणारं एक (सोयाबीन किंवा मोहरी), निम्मं निम्मं वापरा. एकत्र करा, नाहीतर एक पिशवी याची, एक त्याची. शरीराला ते सारखंच.

आणि बदल्यात काय आलं तेही पाहा. तूप-पामतेलाच्या जागी असंपृक्त तेल आलं, तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, उतरतं. तूप बंद करून त्या जागी मैद्याची बिस्किटं आणि दोन चमचे साखर आली, तर मिळवलं काही नाही.

पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं तेल वडिलांना द्यावं का? (नाशिक)

कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. वनस्पतीच्या तेलात ते नसतंच. केळ्याच्या घडावर 'हाडं काढलेली' असं लिहावं, तसं हे. पामतेलाच्या पिशवीवरही हे शब्द खरेच ठरतात. शिवाय रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः तयार करतं. जास्त संपृक्त चरबी खाल्ली की रक्तातलं एलडीएल गोळा करण्याचा यकृताचा वेग मंदावतो, आणि आकडा चढतो. पिशवी उलटी करून पोषणाच्या चौकटीत 'सॅच्युरेटेड' पुढचा आकडा वाचा. 100 ग्रॅममागे 20 किंवा त्याखाली असेल तर ठीक.

आमच्याकडे लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं झाली आहेत. दुकानदार म्हणतो रिफाइंड म्हणजे विष. घाण्याचं तेल दुप्पट महाग आहे. खरं काय? (सांगली)

विष वगैरे काही नाही. रिफाइंड तेलावर होतं ते असं. बियांतून तेल दाबून किंवा हेक्झेन नावाच्या द्रावकाने काढतात. हेक्झेन 69 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे पुढच्या तापवण्यात ते काढून टाकता येतं. मग पाण्याने चिकट गोंदासारखा भाग वेगळा करतात, अल्कलीने आंबटपणा मारतात, विशिष्ट मातीतून गाळून रंग घालवतात आणि शेवटी निर्वातात 220 ते 250 अंशांना वाफ सोडून वास काढतात. सूर्यफूल आणि राइस ब्रानच्या तेलातलं मेण थंड करून वेगळं करतात. यात काही गमावतं हे खरं : वास, चव, रंग आणि थोडं ई जीवनसत्त्व. राइस ब्रानमधला ओरायझेनॉल नावाचा उपयोगी घटक अल्कलीत बराचसा निघून जातो, म्हणून त्या तेलावर 'फिजिकली रिफाइंड' (म्हणजे अल्कलीशिवाय शुद्ध केलेलं) लिहिलंय का ते पाहा. पण चरबीचं प्रमाण, म्हणजे संपृक्त किती नि असंपृक्त किती, जवळजवळ तेच राहतं. हृदयाच्या हिशेबात शेंगदाणा तेल दोन्हीकडे शेंगदाणा तेलच.

उलट रिफायनिंगमध्ये एक उपकारही होतो. ओलसर दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, आणि ते यकृताच्या कर्करोगाचं कारण ठरतं. दाणे दळताना त्याचा बराच भाग पेंडीत जातो, पण थोडा तेलात उतरतो. अल्कली आणि मातीच्या पायऱ्यांत तो निघून जातो. घाण्याच्या तेलात त्याला अडवणारं कुणी नसतं. म्हणजे घाण्याचं तेल किती चांगलं, हे घाण्याच्या लाकडावर नव्हे, आत टाकलेल्या दाण्यांवर ठरतं. दुकानात तेलाची बाटली बघण्याआधी दाण्यांचं पोतं बघायला मागा. सुरकुतलेले, काळे डाग पडलेले, हिरवट भुकटी बसलेले, कुबट वासाचे दाणे दिसले तर परत फिरा.

शक्य असेल तर दाणे तुम्हीच न्या. घरी निवडा, खराब दाणे निर्दयपणे काढून टाका (ते कुटातही घालू नका, गुरांनाही नको), दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. 10 किलो चांगल्या दाण्यांचं लाकडी घाण्यावर साधारण 4 किलो, म्हणजे 4.4 लिटर तेल निघतं. पेंड साडेपाच किलोच्या आसपास. घाण्याच्या पेंडीत तेल बरंच शिल्लक राहतं, म्हणून तिलाही चांगला भाव असतो, ती सोडून येऊ नका. तेल स्टीलच्या भांड्यात दोन-तीन दिवस न हलवता झाकून ठेवा, गाळ बसू द्या आणि वरचं तेल अलगद ओतून घ्या. गाळ तसाच राहिला तर फोडणीत करपतो आणि तेल लवकर खवट करतो.

हाच हिशेब भेसळ ओळखायलाही चालतो. समजा, दाण्यांचा भाव किलोला 140 रुपये आणि पेंडीचा 40. 10 किलोचे 1,400, त्यातून पेंडीचे 220 वजा. उरलेले 1,180 रुपये 4 किलो तेलावर टाकले, तर नुसत्या दाण्यांची किंमतच किलोमागे 295 होते. घाणावळ, बाटली, दुकानाचं भाडं त्यावर. तुमच्या गावचे भाव घालून हे गणित करा. घाण्याचं शेंगदाणा तेल त्याच्याही खाली मिळत असेल, तर त्यात शेंगदाण्याशिवाय दुसरं काहीतरी आहे.

घाण्याचं तेल 160 अंशांच्या आसपास धुरकटायला लागतं, रिफाइंड शेंगदाणा 230 पर्यंत टिकतं. फोडणी, भाजी, चटणीवर वरून घालायला घाण्याचं उत्तम, तिथे वासाचे पैसे वसूल होतात. तळणीला त्याच्यावर पैसे घालवू नका. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच काढून आणा. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांनी घाण्याच्या शेंगदाणा तेलापासून पूर्ण लांब राहावं, कारण त्यात दाण्यातलं प्रथिन उतरतं.

करडईत ओमेगा-6 असतं आणि त्याने शरीरात दाह होतो असं व्हॉट्सॲपवर येतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करडईच खातो. (सोलापूर)

पारंपरिक करडईच्या तेलात 70-75 टक्के लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-6 असतं. एलडीएल उतरवण्यात ते चांगलंच काम करतं, आणि नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने माणसाच्या रक्तात दाह वाढल्याचं प्रयोगांत दिसलेलं नाही. मेसेजमागे मात्र एक खरी गोष्ट आहे. सिडनीत 1966 ते 1973 या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या 458 पुरुषांवर प्रयोग झाला. निम्म्यांना संपृक्त चरबीच्या जागी करडईचं तेल आणि करडईचं मार्गारिन (लोण्यासारखं घट्ट केलेलं तेल) दिलं. 2013 मध्ये त्याची जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त निघाले. पण त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) असण्याची दाट शक्यता होती, आणि दिलेलं ओमेगा-6 आपल्या फोडणीपेक्षा खूपच जास्त होतं. बाकीचे प्रयोग एकत्र पाहिले तर संपृक्ताच्या जागी बहुअसंपृक्त आल्याने हृदयविकार घटतोच.

करडई सोडू नका, एकटी ठेवू नका. निम्मी करडई, निम्मा शेंगदाणा, आणि जेवणात जवस. तळणीला मात्र करडई नको. कारण पुढच्या उत्तरात आहे.

चकल्या-शंकरपाळ्या तळल्यावर कढईत अर्धा-पाऊण लिटर तेल उरतं. ते किती वेळा वापरावं? आणि चकली तेलकट का होते? (डोंबिवली)

हा प्रश्न अकरा जणींनी आणि दोघांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर.

तळताना तेलाचे तीन शत्रू असतात. पिठातल्या पाण्याने तेल फुटून मोकळी आम्लं तयार होतात, त्यांनी तेल कमी तापमानाला धुरकटू लागतं. हवेतल्या ऑक्सिजनने असंपृक्त चरबीतले दुहेरी बंध तुटून अल्डिहाइड तयार होतात. खवट, घशाला लागणारा वास त्यांचाच. आणि उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात, तेल दाट होतं, कढईच्या कडेला पिवळा चिकट थर धरतो. जितके दुहेरी बंध जास्त (बहुअसंपृक्त चरबीत ते जास्त असतात) तितकं तेल लवकर बिघडतं. म्हणून करडई, सूर्यफूल, सोयाबीन तळणीला कच्चे, जवस तर नकोच. घरच्या तळणीला रिफाइंड शेंगदाणा किंवा राइस ब्रान घ्या. अनारशाला तूप चालेल, थोडंच लागतं.

उरलेल्या तेलाची मुख्य चूक कढईच्या आकारात होते. मोठ्या पसरट कढईत दीड लिटर ओतायचं, आणि मग ते टाकवत नाही. लहान, खोल कढई घ्या, अर्धा लिटर तेल, एका वेळी तीन चकल्या. वेळ थोडा जास्त जातो, पण उरतं पाव लिटर. पसरट कढईत तेलाचा हवेशी संपर्कही जास्त. कढई अर्ध्याच्या वर कधी भरू नका, आणि तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण घाला, पाणी ओतू नका.

तापमान 170 ते 180 अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाची वाटाण्याएवढी गोळी टाका. तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुडे काढत वर आली तर बरोबर. तळाशीच बसली तर तेल थंड. टाकल्याबरोबर लाल झाली तर फार तापलंय, आच कमी करून थांबा.

चकली तेल पिते ती कढईत कमी आणि बाहेर आल्यावर जास्त, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तेलात असेपर्यंत पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर येत असतं, ती वाफ तेलाला आत शिरू देत नाही. झाऱ्यावर आल्यावर आतली वाफ थंड होते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत खेचलं जातं. म्हणून चकली काढल्यावर पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं : झारा कढईवरच दोनदा झटका, मग जाळीवर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. टिपकागदावर टाकाल तर गरम असतानाच. गार झाल्यावर कागद लावून उपयोग नाही. तेल थंड असलं, एकदम खूप चकल्या सोडल्या किंवा पिठात सोडा घातला तरी चकली तेल पिते. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळते. (अनारसा तुपात हसतो त्याची कारणं वेगळी, तो या सदराचा विषय नाही.)

आता उरलेल्या तेलाचं. बाजारात किती वेळा वापरलं हे कुणी मोजत नाही, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तेलातल्या बिघडलेल्या घटकांची, म्हणजे एकूण ध्रुवीय संयुगांची, 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, म्हणून नियम कडक ठेवा : एकदा तळलेल्या तेलात पुन्हा तळायचं नाही. गॅस बंद झाला की तेल कोमट होऊ द्या, स्वच्छ कोरड्या मलमलच्या दुपदरी फडक्यातून गाळा. पिठाचे कण राहिले तर पुढच्या वेळी तेच आधी जळतात. अगदी भरेल एवढ्याच बरणीत घाला, हवा राहायला नको, आणि दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. ताज्या तेलाच्या कॅनमध्ये हे तेल परत ओतणं ही सगळ्यांत वाईट सवय. एक वाटी जुनं तेल सगळ्या कॅनला खवट व्हायची सुरुवात करून देतं.

मासे, मटण किंवा खूप मीठ-मसाला लावलेलं तळलेलं तेल फोडणीलाही ठेवू नका. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर टाकाच : गॅस मंद असूनही धूर, फुटत नसलेला बारीक फेस, पाकासारखी तार, खवट वास. रंग एकटा पुरावा नाही, बेसन आणि मिरची तेल लगेच काळं करतात. आणि टाकायचं म्हणजे बेसिनमध्ये नाही, पुढे नळीत ते थिजतं. बाटलीत भरून सुक्या कचऱ्यासोबत, नाहीतर रद्दीत मुरवून द्या. हॉटेलांचं जळकं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना 2018 पासून चालू आहे. तुमच्या सोसायटीजवळ असं तेल घेणारं कुणी असेल तर उत्तम.

तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल साठवू नका, तांब्याने खवटपणाचा वेग वाढतो. गॅसशेजारी किंवा खिडकीतल्या काचेच्या पारदर्शक बाटलीतही नको.

आई म्हणते तूप सोडू नकोस, डॉक्टर म्हणतात बंद कर. बाबांचं एलडीएल 160 आहे, वय 62. घरी साय साठवून तूप कढवतो. (नागपूर)

औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. जेवणाचा हिशेब आपण करू. बाबा दिवसाला 1,800 कॅलरी खात असतील आणि एलडीएल उतरवायचं असेल, तर संपृक्त चरबी ऊर्जेच्या 7 टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे 14 ग्रॅम. वरण-भातावरच्या एका चमचा तुपात ती 3 ग्रॅमच्या आसपास. एवढी आईची शान राखता येते. पण त्यांच्या दिवसात फुल क्रीम दुधाचा एक मोठा ग्लास असेल, तर त्याच 250 मिलिलिटरमध्ये 15 ग्रॅम चरबी आणि त्यातली 9 ग्रॅमच्या वर संपृक्त. बहुतेक घरांत लोक तुपाशी भांडतात आणि दूध चहात, दह्यात, खिरीत निवांत जातं. आधी दूध टोन्ड करा, तिथे चरबी 3 टक्के, म्हणजे थेट निम्मी. साय काढलेलं दूध हलकं होतं हे खरं, पण तीच साय तूप होऊन चौघांच्याच ताटात परत येते. त्यामुळे महिन्याला किती तूप निघतं नि कुणाकुणात जातं ते लिहून ठेवा. दोन महिने हे पाळून आकडा पुन्हा तपासा. तो उतरला नाही तर डॉक्टरांच्या गोळीबद्दल तक्रार करायला जागा राहत नाही.

विकतच्या तुपाबद्दल : तळहातावर वितळलं म्हणजे शुद्ध, ही परीक्षा फसवी आहे, शरीराच्या उष्णतेला पुष्कळ चरब्या वितळतात. रवाळ कणीवरूनही कळत नाही. आपल्याकडे पूर्वीच एक हुशारी केली होती : वनस्पती तुपात किमान 5 टक्के तिळाचं तेल मिसळणं कायद्याने बंधनकारक केलं, म्हणजे साजूक तुपात वनस्पती घातलं की प्रयोगशाळेत आम्ल आणि फरफुरालच्या चाचणीत तीळ लालभडक रंग देऊन चुगली करतो. घरी ही चाचणी करू नका, आम्ल तीव्र असतं.

खोबरेल तेलात एमसीटी असतं, ते वजन कमी करतं म्हणतात. आम्ही कोकणातले, आम्हाला काय! (रत्नागिरी)

एमसीटी म्हणजे मध्यम लांबीच्या साखळ्यांची चरबी. ज्या प्रयोगांत फायदा दिसला ते बहुतेक 8 आणि 10 कार्बनच्या साखळ्यांच्या वेगळ्या काढलेल्या तेलावर झाले. खोबरेलात ती दोन्ही मिळून फक्त 15 टक्क्यांच्या आसपास. निम्मं लॉरिक आम्ल, 12 कार्बनचं, आणि ते पचनात बहुतांशी लांब साखळ्यांसारखंच वागतं. खोबरेल तेलाने एलडीएल वाढतं, अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये ते स्पष्ट सांगितलं आहे. पण कोकणी जेवणात नारळ येतो तो खोवून, वाटून, तंतूसकट, आणि शेजारी मासे आणि कुळीथ असतात. ओल्या नारळाचं वाटण कायम ठेवा, सोलकढी जेवणाला एक वाटी. फोडणीला शेंगदाणा तेल, आणि खोबरेल माशाच्या कालवणावर वासापुरतं अर्धा चमचा. पोळीला लावून खायचं खूळ कोकणातलं नव्हे.

मासे खात नाही. जवसाचं तेल घेऊ की जवस? (वर्धा)

जवस. विदर्भात जवसाची चटणी आहेच, वेगळ्या कॅप्सूलची गरज नाही. जवसाच्या तेलातली निम्म्याहून अधिक चरबी ओमेगा-3 असते, पण ते तेल 107 अंशांच्या आसपासच धुरकटतं आणि उघडल्यावर भराभर खवट होतं. फोडणीला घालू नका; भाकरी-ठेच्यावर कच्चं घ्यायचं असेल तर लहान गडद बाटली, फ्रीजमध्ये.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करून भरडा. अख्खं जवस पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. भरडलेली पूड हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये, आठवड्यापुरतीच. रोज एक मोठा चमचा, 7 ग्रॅम, पुरे. त्यातून दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3 मिळतं. हे वनस्पतीचं ओमेगा-3 आहे. शरीर त्यातला अगदी थोडा भाग माशातल्या प्रकारात बदलतं, म्हणून जवस खाऊन बांगडा खाल्ल्यासारखं होत नाही. घरात कुणी मासे खात असेल तर आठवड्यातून दोनदा तारली किंवा बांगडा, कालवणात. रव्यात घोळून भरपूर तेलात तळला की माशातलं तेल बाहेर आणि कढईतलं आत.

रेशनचं पामतेल खावं का? आणि बेकरीच्या खारीत ट्रान्स फॅट असतं ना? (लातूर)

2022 च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा'मध्ये 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर यांच्याबरोबर 1 लिटर पामतेल मिळालं होतं. आलेलं तेल टाकू नका. त्यात संपृक्त चरबी निम्मी असल्याने ते तापवल्यावर टिकतं, म्हणून तळणीला तेच वापरा आणि रोजच्या फोडणीला लातूरचंच सोयाबीन. उलटं केलंत तर दोन्हीकडून नुकसान.

ट्रान्स फॅट तयार होतं तेलात अर्धवट हायड्रोजन सोडून ते घट्ट करताना. त्याने एलडीएल वाढतं आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, घटतं, दोन्ही एकदम. तसं दुसरी कुठलीच चरबी करत नाही. भारतात 1 जानेवारी 2022 पासून तेल-चरबीत ते 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. पण म्हणून खारी निर्दोष झाली नाही. घट्टपणा आता बहुतेक पामतेलाच्या घट्ट भागातून येतो, म्हणजे ट्रान्स गेलं, संपृक्त राहिलं. नानकटाई मऊसूत विरघळते ती चरबीच्याच जोरावर. पाकिटावर 'हायड्रोजनेटेड' किंवा 'इंटरएस्टेरिफाइड व्हेजिटेबल फॅट' वाचलंत की दोन तुकड्यांवर थांबा. बिनपाकिटाच्या बेकरीत विचारायचं एकच : डालडा की लोणी?

सुटं तेल मात्र कितीही स्वस्त असलं तरी नको. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि पाय सुजणं, धाप लागणं, मृत्यू अशी साथच पसरली. ते झुडूप आपल्या बांधावरही उगवतं, बी मोहरीसारखंच काळं नि बारीक दिसतं.

न्यू जर्सीत भारतीय दुकानातल्या मोहरीच्या तेलावर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं लिहिलेलं असतं. कैरीच्या लोणच्याला वापरू का? (एडिसन)

मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल 40 टक्क्यांच्या वर असू शकतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याच्या मोठ्या मात्रेने हृदयाच्या स्नायूत चरबी साचलेली दिसली, म्हणून अमेरिकेत ते खाद्यतेल म्हणून विकू देत नाहीत. माणसांत तसा अपाय सिद्ध झालेला नाही आणि उत्तर भारत ते पिढ्यान्‌पिढ्या खातो आहे. पण तुमच्याकडे ती बाटली खाद्यतेल म्हणून तपासली गेलेली नसते, अडचण ही आहे. कॅनोला घ्या. ते मोहरीच्याच कुळातलं, कॅनडात पैदास केलेलं, इरुसिक 2 टक्क्यांच्या खाली, आणि ओमेगा-3 जवळजवळ मोहरीइतकंच. झणका हवा असेल तर तो तेलातून नव्हे, मोहरीच्या डाळीतून आणा : डाळ थोड्या पाण्यात फेसून घ्या, तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करा आणि मगच फोडीवर ओता. गरम तेल ओतलंत तर मोहरीचा झणकाही जातो आणि फोडी मऊ पडतात.